कच्ची वही, पक्की वही

एका तरुणाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २९. पुण्यात एका लेबर काँट्रॅक्टरच्या ऑफिसात हिशेब बघतो. मूळचा नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांपासून घर ख्रिस्ती. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हार्मोनियम वाजवतो, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे, महिन्यातून एकदा उपासना चालवतो. ऑफिसात मस्टरवर ३१ मजुरांच्या जागी ४० नावं लावतो. मजुरांच्या पगारातून कापलेला पीएफ सात महिने भरलेला नाही हे माहीत असून पगारपत्रकं तयार करतो. दिवाळीला मालकाने बोनसच्या वर एक पाकीट दिलं, ते घेतलं. ऑफिसात तो ख्रिस्ती आहे हे दोघांनाच ठाऊक. "रविवारी मी एक असतो, सोमवारी दुसरा. नोकरी सोडू की सेवा सोडू?" असं त्याने विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे : "माझ्या दाखल्यावर हिंदू लिहिलंय, शिष्यवृत्तीही त्यावरच घेतली. तेही यातच धरायचं का?"

मी ३४ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, होतो. निम्मी नगरकडच्या खेड्यांत, निम्मी शहरात. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाबद्दल. नोकरी किंवा सेवा, असे दोन दरवाजे तू समोर ठेवलेस. मला ते दोन्ही पळून जाण्याचे वाटतात. सेवा सोडलीस तर सोमवारच्या वहीला जाब विचारणारं कुणी उरणार नाही. नोकरी सोडलीस तर तुझ्या खुर्चीवर दुसरा बसेल, नऊ खोटी नावं तो लिहील, आणि तू तरुण संघात 'मी प्रभूसाठी नोकरी सोडली' अशी साक्ष देशील. ती साक्ष खोटी नसेल, पण पुरीही नसेल. नोकरी कदाचित जाईलच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण ती पहिली पायरी नाही.

दुकानदार दोन वह्या ठेवतात, एक कच्ची, एक पक्की. पक्की साहेबाला दाखवायची, खरं सगळं कच्चीत. तुला रविवार पक्का वाटतो आणि सोमवार कच्चा. म्हणूनच तू स्वतःला ढोंगी म्हणतोस. नव्या करारात 'ढोंगी' जिथे येतं तिथे मूळ ग्रीक शब्द नाटकातल्या नटासाठी वापरला जाई. नट वाईट माणूस असतो असं नाही, तो फक्त दुसऱ्याचे संवाद बोलत असतो. याच्या उलट टोकाला आपल्या मराठी पवित्र शास्त्रात सात्त्विकता हा शब्द भेटतो, विशेषतः स्तोत्रांत. आजकाल सात्त्विक म्हटलं की लोकांना बिनकांद्याची थाळी आठवते, पण त्यामागच्या हिब्रू शब्दाचा अर्थ अख्खा, पुरा, तडा न गेलेला असा आहे. निष्पाप असा नाही. दावीद राजा स्वतःला सात्त्विक म्हणवतो, आणि दाविदाने व्यभिचारापासून खुनापर्यंत काय काय केलं ते तुला मी सांगायला नको. पण जाब विचारायला नाथान संदेष्टा समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याने दुसरी वही काढली नाही. "मी पाप केलं आहे" एवढंच म्हणाला.

तुला उपदेश करण्याआधी माझी एक वही उघडतो, नाहीतर हे सगळं वरून बोलल्यासारखं होईल.

शहरातल्या मंडळीत माझं दुसरं की तिसरं वर्ष असेल. मिशनच्या शाळांत प्रवेशाला पाळकाचं पत्र लागतं : हे कुटुंब आमच्या मंडळीचं नियमित सभासद आहे. एप्रिल-मेमध्ये माझ्या ओसरीवर रांग लागायची. एक गृहस्थ आले, त्यांना मी फक्त नाताळला पाहिलं होतं. मंडळीच्या छपराच्या पत्र्यांसाठी त्यांनी चांगली देणगी दिली होती. मी लेटरहेड काढलं, 'नियमित सभासद' लिहिलं, सही केली. शिक्का मारायला घेतला तर शाईचं पॅड वाळलेलं. पॅडवर दोन थेंब पाणी टाकून मी तो शिक्का मारला. उमटला फिकट, पण उमटला. त्याच आठवड्यात आमच्या सफाई करणाऱ्या बाईंच्या नातवाला त्याच शाळेत जागा संपल्याचं कळलं. त्या बाई दर रविवारी बाकं पुसून मग मागच्या बाकावर उपासनेला बसत. त्यांच्या नातवाचं पत्र खरं होतं. जागा नेमकी माझ्याच पत्राने गेली की नाही हे सिद्ध करता येत नाही, आणि ही पळवाट मी बरीच वर्षं वापरली. त्या रविवारी मी उपदेश कशावर केला माहीत आहे? डोंगरावरच्या प्रवचनातलं 'होय तर होय, नाही तर नाही'. लोकांना आवडला. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पॅड नवीन आणा आता."

म्हणून कुणी कच्ची-पक्कीची गोष्ट घेऊन आला की मी त्याच्यावर दगड उचलत नाही.

आता तुझं ऑफिस. तिथल्या सगळ्या गोष्टी एका वजनाच्या नाहीत, आणि तू त्या एकाच पोत्यात भरल्यास म्हणून पोतं उचलत नाहीये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले, आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले. दोन्ही धंदे बदनाम, रोमी सत्तेची चाकरी. तरी योहानाने कुणालाही नोकरी सोडायला सांगितली नाही. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, जुलमाने उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात तृप्त राहा. लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे त्याने धंद्याच्या आतच एक रेघ मारून दिली. जुन्या करारातला सेनापती नामान (२ राजे, अध्याय ५) तर आणखी पुढे जातो. कोडातून बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला सांगतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला झिडकारत नाही, शांतीने जा म्हणतो. मात्र त्याच अध्यायात अलीशाचा चाकर गेहजी नामानाच्या मागे पळत जाऊन खोटं बोलून चांदी आणि कपडे आणतो, आणि त्याच्या अंगावर कोड उठतं. नोकरीपायी अवघडून वाकलेला सुटला, आणि संदेष्ट्याच्या घरात राहून हळूच पाकीट घेणारा अडकला. हा अध्याय तू सावकाश वाच.

मालक टेंडरला काय करतो, कुणाला जेवायला नेतो, हे तुझ्या ऑफिसात घडतं पण तुझ्या हातून घडत नाही. त्याचा भार तू आज घेऊ नकोस. मस्टर तुझ्या हातून होतं. ज्या कंपनीला तुम्ही मजूर पुरवता तिची ती फसवणूक आहे आणि तुझ्या अक्षरात आहे. आणि पीएफ हा मस्टरपेक्षाही मोठा, कारण तिथे फसवला जाणारा माणूस दुबळा आहे.

पीएफचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितो, वाचणाऱ्या इतरांसाठी. मजुराच्या पगारातून साधारणपणे १२ टक्के कापले जातात, मालकाने आपला वाटा घालून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. कापून न भरणं म्हणजे उशीर नव्हे, कायद्याने तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो. आणि याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं. तिथे मजुरीच बोलते. मजूर बिचारा बोलत नाही, त्याला स्लिपवर कपात दिसते आणि तो समजतो पैसे साठतायत.

मला तुला एकच टोकदार प्रश्न विचारायचाय. मोठ्या कंपन्या काँट्रॅक्टरचं बिल पास करताना पीएफ भरल्याचं चलन मागतात, कारण काँट्रॅक्टरने भरलं नाही तर शेवटी त्यांच्या गळ्यात येतं. सात महिने भरलेलंच नाही, तर बिलासोबत काय जोडलं जातं? आणि तो कागद कोण तयार करतं? तुझ्या पत्रात याबद्दल काही नाही. उत्तर 'मी' असं असेल, तर उपदेश घेण्याच्या आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घे. हे भिववायला सांगत नाही. सचोटी म्हणजे भोळेपणा नाही.

मालकाशी कसं बोलायचं, ते दानीएलकडून शीक. सिंहांच्या गुहेतला दानीएल सगळ्यांना आवडतो, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातला कुणी वाचत नाही. राजाच्या ताटातलं खायचं नाही असं त्याने आधी मनाशी ठरवलं. मग खोजांच्या सरदाराला विनंती केली. तो राजाला घाबरत होता, त्याने जबाबदारी घेतली नाही. मग दानीएल त्याच्या खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस करून बघा. शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघा. ना घोषणा, ना निषेध. समोरच्याची अडचण ओळखून मांडलेला तात्पुरता, मोजता येईल असा प्रस्ताव. तूही तसंच कर. एकट्यात भेट. इतरांसमोर मालकाला उघडं पाडलंस तर तो फक्त इज्जत वाचवायला लढेल. सांग की या महिन्यापासून मस्टरला मी हजर असलेलीच नावं लिहीन, आणि पीएफची थकबाकी हप्त्याहप्त्याने भरायचा तक्ता मी करून आणलाय. तक्ता खरंच करून ने. किती महिने, दर महिन्याला किती, व्याज-दंड किती. बरेच मालक हरामखोर नसतात, ते पुढचं बिल येईपर्यंत ढकलत असतात आणि मग ढकलण्याची सवय लागते. तुझा मालक यातला कुठल्या प्रकारचा आहे हे तक्ता समोर ठेवल्यावर अर्ध्या तासात कळेल. नंतर जे बोलणं झालं ते साध्या दोन ओळींत त्याला मेलवर पाठवून ठेव.

हे करण्याआधी बायकोला सांग. तुझ्या पत्रात घराच्या हप्त्याचा उल्लेख आहे, तिचा नाही. तुझी नोकरी गेली तर झळ तिलाही बसते. आणि आजपासून दुसरीकडे अर्ज टाकायला लाग. विश्वासाने उडी मारणं वेगळं, पायाखाली बघायचा आळस वेगळा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, ते आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. कारण अर्थात वेगळं होतं. पण बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे मध्ये २२ वर्षं गेली, हे सांगत नाही. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याने घेतला म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. जगाने काय काय ऐकवलं असेल, तरी स्वतःला पटेपर्यंत थांबल्या आणि १९०० मध्ये घेतला. त्या पाच वर्षांत त्या डळमळीत होत्या असं मला कधीच वाटलं नाही. आतून न पटलेली गोष्ट तोंडाने न म्हणणं, हीच त्यांची सचोटी होती. तुझ्या निर्णयालाही काही आठवडे लागले तर लागू देत. सात महिन्यांचे चौदा मात्र होऊ देऊ नकोस.

दिवाळीचं पाकीट. तू रक्कम लिहिली नाहीस, पण ती तुला टोचतेय हे कळतं. ते पैसे दानपेटीत टाकू नकोस. ही आपल्या लोकांची जुनी सवय : टोचणारा पैसा दशांशात, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्शात, घालायचा, म्हणजे टोचणं थांबतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेली ३० नाणी मंदिराच्या भांडारात टाकायला याजकही तयार नव्हते, रक्ताचं मोल आहे म्हणाले. त्यांच्या ढोंगीपणाबद्दल बोलण्यासारखं बरंच आहे, पण एवढं तरी त्यांना कळलं होतं. जक्कय या जकातदाराने काय केलं बघ. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. त्याने देवाला दिलं असं लूक लिहीत नाही, ज्याचं होतं त्याला दिलं असं लिहितो. आणि "आज या घराला तारण झालं आहे" हे येशूचं वाक्य त्या हिशेबानंतर येतं. तुझे पैसे त्या ३१ जणांचे आहेत. कसे पोहोचवायचे हे परिस्थिती बघून ठरव. तोपर्यंत वेगळे ठेव, वापरू नकोस.

आता रविवार.

पहिल्या मंडळीतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोंनी जमीन विकून पैसे प्रेषितांपुढे ठेवले, ती गोष्ट लोक पैसे लपवल्याची म्हणून सांगतात. ती तशी नाही. प्रेषित पेत्र स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. अर्धे ठेवून अर्धे दिले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. काही भाग देऊन पूर्ण दिल्याचा आव, तेवढंच त्यांचं पाप. म्हणून माझा सल्ला असा : हार्मोनियम सोडू नकोस, उपासना चालवणं काही महिने थांबव. वाजवताना तू मंडळीबरोबर गात असतोस. वेदीपुढे उभा राहून "आपण आपली पापं कबूल करू या" म्हणतोस तेव्हा मात्र तू पुढे असतोस. आणि थांबण्याचं कारण तुझ्या पाळकांना खरं सांग. 'ऑफिसात काम वाढलंय' असं सांगितलंस तर तिसरी वही सुरू होईल.

प्रोटेस्टंट मंडळींत एक मोठी उणीव आहे, ती मी सेवेत असताना नीट भरून काढू शकलो नाही. वसईचे, गोव्याचे कॅथलिक बांधव फादरसमोर गुडघे टेकतात, पाप तोंडाने उच्चारतात. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. आपण म्हणतो, मध्यस्थ नको, देवाला थेट सांगतो. सिद्धांत बरोबर आहे. पण थेट सांगताना आपण फार लवकर उरकतो. प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षणाची जी शांतता असते ती मी घड्याळ लावून पाहिली आहे, मिनिटभरात मागून खोकला सुरू होतो. याकोब म्हणतो, एकमेकांजवळ पापं कबूल करा. एक माणूस शोध. मित्र नको, मित्र 'चालतं रे' म्हणतो. वयाने मोठा, तोंडाने बंद, आणि ज्याचं तुझ्याशी काही घेणंदेणं नाही असा. महिन्यातून एकदा त्याच्यासमोर बसायचं आणि त्याने एकच विचारायचं, मस्टरवर या महिन्यात किती नावं होती. विश्वास कसा चाललाय वगैरे विचारू नये. त्याचं उत्तर सगळेच छान देतात.

मंडळी म्हणजे पक्की वही, हेही डोक्यातून काढ. आमच्याकडे कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. भोपळे, कोंबड्या, ज्वारीची कणसं, एखादी शेळी. बोली जोरात चढते. नारळ पाचशेला जातो, टाळ्या पडतात, खजिनदार रजिस्टरात नाव लिहितो. एका गावी मी बदलून गेलो तेव्हा ते रजिस्टर चाळलं. लांबट, लाल कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक पानावर नाव, वस्तू, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात 'येणे'. आठ वर्षांचं येणे. सगळ्यात मोठ्या बोल्या पंच कमिटीच्या लोकांच्या, आणि शेवटच्या रकान्यात तेच पुढे. एका विधवा बाईंच्या नावापुढे 'कोथिंबीर जुडी, रु. १०, जमा' असं होतं. मी पुढच्या सणाला लिलावाच्या आधी ते रजिस्टर वाचून दाखवायचं ठरवलं होतं. कमिटीने हरकत घेतली, मी वाचलं नाही. दारावर लावलंही नाही. एकेकाच्या घरी चहाला गेलो तेवढं. दोन वर्षांत निम्मं वसूल झालं, आणि एक कुटुंब मंडळी सोडून गेलं. मंडळ्यांच्या जमिनींवरून, निवडणुकांवरून धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात चाललेल्या भानगडी तू वाचतोसच. तेव्हा सोमवारी चोर आणि रविवारी साधू अशी वाटणी तुझ्या एकट्याची नाही, आणि इतकी सरळही नाही.

आता तुझी शेवटची ओळ. ती तू शेवटी लिहिलीस म्हणून मी तिच्याकडे आधी बघितलं होतं.

अंत्युखिया शहरात पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीत बसायचा. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा हळूच मागे सरकला, वेगळा बसू लागला. बर्णबासारखा माणूसही त्याच्या मागे ओढला गेला, आणि पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला धरलं. पेत्राला त्यात पैसा मिळाला नाही. त्याला फक्त दिसण्याची भीती वाटली. तू ऑफिसात ख्रिस्ती म्हणून दिसत नाहीस त्यातही मला लोभापेक्षा ही भीतीच जास्त दिसते. नावावरून कळत नाही, गणपतीला सगळ्यांबरोबर उभा राहतोस, कोण विचारतंय. गणपतीचं मी फार ताणत नाही. खुर्च्या उचल, वर्गणीचं तुझ्या सदसद्विवेकाला पटेल तसं कर, आरतीला बाजूला उभा राहा. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांग, दुसरं वाक्य जोडू नकोस.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा १८८९ मध्ये मुंबईत काढली, पुढच्या वर्षी पुण्याला आणली. विधवा मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवणार नाही असा शब्द दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ. दार लावा, एवढंच मागणं होतं म्हणा ना. त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली नेल्या. शब्द मोडला की पाळला यावर तेव्हाही वाद होता, आजही घालता येईल, आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांचा राग मला समजतो. पण त्याच बाईंनी इंग्लंडमधल्या आपल्या धर्मभगिनींनाही सुनावलं होतं की माझा सदसद्विवेक मी तुमच्या ताब्यात देणार नाही. एकच माणूस दोन्हीकडे तसाच. दार उघडं ठेवणं म्हणजे दुसऱ्याला आत ओढणं नव्हे, आणि दार लावून घेणं म्हणजे नेहमीच नम्रता नव्हे.

तुझ्या दाखल्याचं दार मात्र तू लावलेलं नाहीस, ते तुझ्या वडिलांनी किंवा आजोबांनी लावलं. आणि का लावलं ते मला ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळांच्या काळात महार-मांग वाड्यांतून आपली बहुतेक घरं ख्रिस्ती झाली. जात गेली नाही, पाणवठा बदलला नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आपण बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असं सांगितलं, झालं काहीच नाही. दहा ऑगस्टला काळी फीत लावून मी मोर्चात चाललो आहे, आणि हा आदेश अन्यायाचा आहे असं माझं आजही मत आहे. त्याचबरोबर, मनाने-आचरणाने ख्रिस्ती असून केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ही दोन वाक्यं एका उपदेशात म्हणायचं धैर्य मला ३४ वर्षांत झालं नाही. मंडळीतल्या अर्ध्या घरांच्या पोटावर ते पडलं असतं.

म्हणून तुला जे सांगतो ते व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही. वडिलांना दोष देऊ नकोस, त्यांनी तुला शिकवलं. आजपासून त्या दाखल्यावर नवं काही घेऊ नकोस. मुलाच्या शाळेचा फॉर्म येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात काय लिहायचं हे नवराबायकोने आत्ताच, पेन हातात नसताना ठरवा. मागचं कसं निस्तरायचं ते वकिलाला विचार, भावनेच्या भरात अर्ज करू नकोस. आणि पीएफच्या आधी हे हातात घेऊ नकोस. तुला ते जास्त सोयीचं वाटेल, कारण त्यात समोर मालक नाही.

पहिलं काम या शनिवारी. मस्टरवरची ती नऊ नावं काढून एका कागदावर लिही. अशी नावं हवेतून येत नाहीत हे तुला माहीत आहे. मालकाच्या गावाकडच्या कुणाची तरी आधार कार्डाची झेरॉक्स असते, पूर्वी कामावर असलेला, सोडून गेलेला एखादा असतो. त्यांच्या नावावर खातं उघडलंय का, पगार कुठे जातो, त्यांना माहीत आहे का, ते बघ. माझ्या अनुभवात अशा यादीत एखादा तरी माणूस निघतो ज्याला आपण कुठे कामाला आहोत हेच ठाऊक नसतं, आणि ज्याचं रेशन किंवा पेन्शन त्या कागदामुळे अडकलेलं असतं. तसा कुणी निघाला, तर मालकाशी बोलताना त्याचं नाव आधी घे.